‘चूक झाली’ हे वाक्य वहीत चालणार नाही

प्रश्न थोडक्यात असा: दारू सोडून पाच महिने झाले, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नियमित जाणे आहे. पाळक म्हणतात, प्रभूने क्षमा केली आहे, आता मागचे उकरू नका. मदतगटातले म्हणतात, वही घ्या आणि आयुष्याची झडती लिहून काढा. दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा तिसऱ्या पानावर अडकलो, आणि दुसऱ्या खेपेला त्याच रात्री पुन्हा प्यायलो. कोणाचे ऐकू? आणि लिहायचेच असेल तर कसे?

दोघांचेही बरोबर आहे, चुकतो आहे तो क्रम. क्षमा मिळावी म्हणून झडती लिहायची नसते. क्षमा मिळालेली आहे, म्हणून ती लिहिता येते. लूकच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय पाहा, लोकांना फसवणारा जकातदार, जो येशूला पाहायला झाडावर चढला होता. येशू आधी म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. त्यानंतर जक्कय उभा राहून बोलला, आणि बोलला तेही आकड्यांत: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. ‘आधी हिशोब चुकता कर, मग येतो’ अशी अट असती तर तो झाडावरून खालीच उतरला नसता. तुमचे पाळक सांगतात तो या गोष्टीचा पहिला भाग आणि गट सांगतो तो दुसरा. पहिल्या भागाशिवाय दुसऱ्याला हात घातला की वही म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा होते, आणि शिक्षेतून सुटायला माणूस जुन्याच दाराशी जातो. त्या रात्री बहुधा हेच झाले असावे.

गटातली ही पद्धत काही नव्या शोधातून आलेली नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटांचे जाळे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाले, ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या वळचणीला. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर स्वतःला घासून पाहायचे आणि जे सापडेल ते दुसऱ्या माणसाला सांगायचे, ही त्या चळवळीची रीत होती. १९३९ मध्ये त्यांच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या छापून आल्या, तेव्हा झडती चौथ्या आणि कबुली पाचव्या पायरीवर बसली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक मंडळीत जॉन बेकर यांनी सेलिब्रेट रिकव्हरी हे व्यसनमुक्तीचे ख्रिस्ती काम सुरू केले आणि हीच पायरी पुन्हा उघडपणे ख्रिस्ताच्या नावाशी जोडली. त्याआधीचा वारसा तर फारच जुना. ‘आपण आपले मार्ग शोधून तपासू आणि परमेश्वराकडे वळू’ या अर्थाचे वचन बायबलमधल्या विलापगीतात आहे, आणि देवा, माझे अंतःकरण तपासून पाहा, अशी विनवणी १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी आहे. त्या स्तोत्रातली एक गोष्ट मात्र निसटते: तिथे तपासणारा देव आहे. आपण दिवा धरायचा आणि दिसेल ते लिहायचे, एवढेच. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी नाही, त्यामुळे तिच्यावर आपण बसायचे कारण नाही.

आता वेळेबद्दल. पाच महिने ही चांगली वेळ आहे. पहिल्या काही आठवड्यांत ही वही कोणी उघडूच नये. झोप बसलेली नसते, लक्ष टिकत नाही आणि स्मरण दगा देते. तुमच्यासारखी मधे घसरण झालेल्यांसाठी एक इशारा इथेच देतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या काही गोळ्या एकदम सोडल्या तरी तसेच होऊ शकते. ते काम डॉक्टरांचे आहे. प्रार्थना त्यांच्या दवाखान्यातही करता येते.

बैठक पाऊण तासाची ठेवा, आठवड्यात दोनदा किंवा तीनदा. घड्याळ लावा आणि वाजले की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवा. या गतीने सहा ते आठ आठवड्यांत काम होते. एका रात्रीत सगळे ओकून टाकण्याची खुमखुमी येईल, तिला बळी पडू नका. सकाळी किंवा दुपारी लिहा, रात्री जेवणानंतर नको. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी दोन त्या दिवशी असतील तर बैठक पुढे ढकला. सुरुवातीला ५१ वे किंवा ३२ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. शेवट नेहमी माणसाशी व्हावा: कोणाला तरी फोन, किंवा कोणासोबत चालायला जाणे. ‘आज लिहायला बसतोय, पाऊण तासाने फोन करतो’ असा निरोप आधीच पाठवून ठेवला तर फोन टळत नाही. लिहिणे हाताने, वहीत. मोबाइलमध्ये लिहिलेले कुठे कुठे पोहोचते याचा भरवसा नसतो, आणि कोणी वाचेल या भीतीने माणूस आपोआप गुळगुळीत लिहू लागतो.

आता खरी गाठ. तिसऱ्या पानावर माणसे अडकतात, कारण पहिल्या दोन पानांत काहीच लिहिलेले नसते. ‘मी फार पापी आहे’, ‘मी कुटुंबाकडे दुर्लक्ष केले’, ‘माझ्याकडून अनेक चुका झाल्या’ अशी वाक्ये डोळ्यांत पाणी आणतात, पण त्यांत घटना कुठे आहे? मोघम कबुली ही लपायची फार सोयीची जागा आहे, कारण तिच्यावर कोणी आक्षेप घेत नाही. उलट नम्र म्हणून कौतुक होते.

आपली भाषाही यात आपल्याला फितूर असते. मराठीत ‘चूक झाली’, ‘बोलले गेले’, ‘हात उचलला गेला’, ‘त्या दिवशी जरा जास्तच झाली’ अशी वाक्ये सहज येतात, आणि त्यांत करणारा माणूसच नसतो. बायबलमध्ये या वाक्यरचनेचा मूळपुरुष मोशेचा भाऊ अहरोन म्हणावा लागेल. लोकांनी पूजलेल्या सोन्याच्या वासराबद्दल मोशेने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला की लोकांनी सोने दिले, मी ते आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले (निर्गम ३२). जणू वासरू स्वतःच घडले! त्याच अध्यायात थोडे आधी त्याने हत्याराने ते घडवल्याचे स्पष्ट लिहिले आहे. शौल राजाची तऱ्हा वेगळी. १ शमुवेल १५ मध्ये तो ‘मी पाप केले आहे’ हे बरोबर म्हणतो, पण एकदा त्याला लोकांच्या भीतीचे कारण जोडतो, आणि दुसऱ्यांदा लगेच विनवतो की तरी वडीलजनांसमोर माझा मान राख. आदामाने एका वाक्यात दोघांवर ढकलले: ही स्त्री, आणि तीही तू दिलेली.

म्हणून लिहून झालेल्या पानावर दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन बसा. ‘झाले’, ‘घडले’, ‘गेले’ यांनी संपणारी प्रत्येक ओळ अधोरेखित करा आणि ती ‘मी’ने सुरू करून पुन्हा लिहा. ‘पण’, ‘तरी’, ‘कारण’ यांच्यापुढचे सगळे खोडा. कारणे खोटी असतात म्हणून नव्हे, त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे म्हणून. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळ्यांना’ या शब्दांच्या जागी एक दिवस, एक जागा, एक नाव घाला. ‘मी मुलीकडे दुर्लक्ष केले’ याचे होते: ‘तिच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी साडेअकराला घरी आलो. दार तिने उघडले. मी म्हणालो, काम होते.’ तीन छोटी वाक्ये, विशेषण एकही नाही. विशेषणे आली की समजावे, माणूस पुन्हा वाचकाकडे पाहू लागला.

रकाने कसे पाडायचे? सेलिब्रेट रिकव्हरीत पाच वापरतात: व्यक्ती, तिने काय केले, त्याचा माझ्यावर तेव्हा आणि आज काय परिणाम, माझे नेमके काय दुखावले, म्हणजे मान, सुरक्षितता की नाती, आणि माझा वाटा. वहीची दोन समोरासमोरची पाने आडवी वापरली तर हे आरामात बसतात. मी याला सहावा रकाना जोडायला सांगतो: झाकण्यासाठी काय केले. दावीद राजाची गोष्ट (२ शमुवेल ११) त्यासाठी वाचावी. मूळ कृत्य, म्हणजे आपल्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोशी व्यभिचार, चार वचनांत संपते. ते लपवण्याची धडपड, उरीयाला बोलावून घेणे, घरी पाठवण्याचा प्रयत्न, त्याला दारू पाजणे, आणि शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मरणाचे पत्र देणे, ही त्याच्या कितीतरी पट लांब आहे. व्यसनातही बहुतेक नाती पेल्याने कमी आणि या सहाव्या रकान्याने जास्त मोडतात.

एक भरलेली ओळ नमुन्यादाखल. व्यक्ती: थोरला भाऊ. काय केले: वडिलांच्या आजारपणात सगळा खर्च एकट्याने केला, असे नातेवाइकांसमोर म्हणाला. परिणाम: त्या दिवसानंतर मी त्याच्या घरी गेलो नाही, आजही त्याचे नाव निघाले की मान ताठ होते. काय दुखावले: मान. माझा वाटा: मी निम्मा खर्च देईन म्हणालो होतो. कबूल केलेल्यातला चौथा हिस्सा दिला, उरलेल्याची दारू प्यायलो. झाकण्यासाठी: बँकेत अडचण आहे असे तीन महिने सांगितले, वहिनींचे फोन उचलले नाहीत. आता हीच ओळ कच्च्या स्वरूपात कशी असते? ‘भावाशी संबंध ताणले गेले, माझ्याकडूनही काही चुका झाल्या.’ पहिली वाचल्यावर पुढे काय करायचे ते आपोआप कळते. दुसरीवरून काहीच कळत नाही.

अशा वीस-पंचवीस ओळी पुरेत. शंभर लिहिणारे सहसा संपवत नाहीत, आणि संपवायचे नसते म्हणूनच शंभर लिहितात. मागे जाताना आयुष्याचे पाच-सात वर्षांचे टप्पे पाडा आणि एका बैठकीत एकच टप्पा घ्या. आणि एक गोष्ट असते जी वहीत घालायचीच नाही असे तुम्ही वही विकत घेण्याआधीच ठरवलेले असते. ती पहिल्या पानावर लिहा, एका ओळीत, हवे तर तुम्हालाच कळेल अशा खुणेने. ती बाहेर ठेवून केलेली बाकीची झडती कितीही नेटकी असली तरी सगळा वेळ तिच्याभोवती फेऱ्या मारण्यात जातो. ३२ व्या स्तोत्रात गप्प राहिल्याने हाडे झिजल्याचे जे वर्णन आहे, ते या एका ओळीचे वर्णन आहे असे समजा.

माझा वाटा हा रकाना कधी कधी रिकामा असतो, आणि तो रिकामाच ठेवायचा. लहानपणी तुमच्यावर अत्याचार झाला असेल, मारहाण झाली असेल, तर तिथे ठळक अक्षरांत ‘काहीही नाही’ असे लिहा. इथे बरेच मदतनीस चुकतात. सगळ्या ओळींत वाटा शोधायचा हट्ट धरतात आणि जखमेवर मीठ चोळतात. त्या दुखण्याचे पुढे तुम्ही काय केले, कोणावर काढले, ही स्वतंत्र ओळ, स्वतंत्र तारखेची. आणि अशा आठवणी एकट्याने उकरू नका. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्या ओळी कोऱ्या ठेवून बाकीची झडती पुरी करता येते.

यादीत जमेची बाजूही लागते. हे काही मन राखण्यासाठी नाही. हिशोबाच्या वहीत फक्त खर्च लिहिला तर शिल्लक कळत नाही, आणि जे खरे आहे ते न लिहिणे हाही अप्रामाणिकपणाच. नोकरी गेल्यावरही मुलांची फी वेळेवर भरली असेल, तर ती ओळ येऊ द्या, नाव-तारखेसह. स्वतःचे काहीच चांगले सापडत नाही असे वाटले तर त्या बैठकीची वेळ चुकली आहे. दुसऱ्या दिवशी बसा.

नात्यांच्या यादीपेक्षा वेगळे एक पान घसरणीचे करा. मला विचाराल तर पुन्हा न पडण्याच्या दृष्टीने हे सगळ्यांत कामाचे पान आहे, आणि नेमके तेच लोक वगळतात. शेवटच्या तीन घसरणी घ्या. पहिल्या घोटापासून सुरुवात करून उलटे, अठ्ठेचाळीस तास मागे चला. त्याआधी कुठे होतो? त्याआधी कोणाशी बोललो? पैसे खिशात कधी आणि कशासाठी ठेवले? जेवलो होतो का? साखळी सहसा बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या निर्णयापाशी जाऊन थांबते: नेहमीचा रस्ता सोडून लांबचा धरला, घरच्यांना एक दिवस आधी गावाला पाठवले, गटाची एक बैठक ‘डोके दुखतेय’ म्हणून चुकवली. अब्राहामाचा पुतण्या लोट एका दिवसात सदोम या पापी नगरात राहायला गेला नव्हता. उत्पत्ती १३ मध्ये तो त्या बाजूला तंबू हलवतो, १४ मध्ये तो तिथेच राहत असतो, १९ मध्ये नगराच्या वेशीत बसलेला दिसतो. दावीदाचीही पहिली कडी, जिथून ती स्त्री त्याला दिसली ती गच्ची नव्हती. राजे युद्धावर जातात त्या दिवसांत तो घरी राहिला, ही होती. तीन साखळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक-दोन कड्या तिन्हींत सारख्या निघतात. त्या कडीवर उपाय करायचा असतो, कारण तिथे पिण्याची इच्छा अजून दुबळी असते. पेला समोर आल्यावर निश्चयाची परीक्षा पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही वही लिहून त्याच रात्री प्यायलात, ती घसरण या पानावरची पहिली नोंद करा. लिहिणे संपले किती वाजता, त्यानंतर कोण भेटले, घरात कोण होते?

पैशाचे पान छोटे पण कडक असावे. बँकेचे गेल्या बारा महिन्यांचे उतारे काढा, उधारीची यादी करा, बेरीज पैशापर्यंत लिहा. ‘साधारण इतके’ असा गोल आकडा आला की तो आकडा अंदाजाने, आणि बहुधा कमी करून, लिहिलेला असतो. जुगाराची सवय असेल तर या पानापासूनच सुरुवात करावी. सवय मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींची असेल तर पैशाच्या जागी तास येतात. फोन स्वतःच वापराचा वेळ मोजून ठेवतो, तो उतरवून घ्या. पाहिलेल्याचे वर्णन मात्र कधीही लिहू नका. त्याने झडती होत नाही, उजळणी होते.

आता ऐकणारा. देवाला सांगितले ना, मग माणसाला कशाला? १ योहान १:९ मध्ये कबुलीपुढे क्षमेचे वचन आहे. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असे म्हटले आहे, आणि तिथे पुढे येतो तो शब्द बरे होण्याचा. दोन वेगळी कामे आहेत. व्यसन एकांतात वाढते. ज्याला एकही माणूस पूर्ण ओळखत नाही त्याला क्षमा पटते, पण पोहोचत नाही. शिवाय स्वतःचा दोष स्वतःला दिसतोच असे नाही. नाथान संदेष्ट्याने गरिबाचे कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दावीदाने क्षणात चौपट भरपाईचा निकाल दिला. तो निकाल आपलाच आहे हे त्याला नाथानाने सांगावे लागले.

पण कोणालाही सांगून चालत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचे उदाहरण इथे फार शिकवते. मत्तय २७ मधली त्याची कबुली मोघम नाही. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केले, असे तो नेमके म्हणतो, आणि चांदीची तीस नाणीही परत करतो. पण तो गेला मुख्य याजकांकडे, ज्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. ‘आम्हांला त्याचे काय? तुझे तू पाहा,’ हे उत्तर घेऊन तो बाहेर पडला, एकटाच. पेत्रही, येशूला ओळखत नाही असे तीनदा म्हणून, तितकाच वाईट पडला होता, पण पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी तो इतर शिष्यांमध्ये सापडतो.

ऐकणारा तुमच्याच लिंगाचा असावा. तो जोडीदार नसावा, यादीत नाव असलेला नसावा, तुमच्या पगारावर किंवा पदावर ज्याचा हात आहे असा नसावा. त्याने स्वतः ही वाट चाललेली असावी, आणि ऐकून त्याचा चेहरा बदलू नये. परीक्षा सोपी आहे: आधी एक मध्यम वजनाची गोष्ट सांगा आणि दोन आठवडे थांबा. ती फिरून कानावर आली, किंवा त्याने लगेच उपदेश सुरू केला, तर माणूस बदला. पाळक चालतील, पण मंडळीच्या समितीवर तुमच्यासोबत बसणारे पाळक नकोत. कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कारातली गुप्तता धर्मगुरूला कधीही मोडता येत नाही. इतर कोणालाही, अगदी समुपदेशकालाही, कायद्याच्या मर्यादा असतात. आज एखादे मूल धोक्यात असेल तर ते गुप्त राहणार नाही आणि राहूही नये. गुन्ह्याची नोंद वहीत असेल तर वकिलाशी आधी बोला. जबाबदारी टाळण्यासाठी नाही, ती नीट उचलण्यासाठी.

बैठकीला दोन ते तीन तास ठेवा, फोन बंद. वहीतून वाचा, न पाहता सांगू नका, कारण आठवून सांगताना ओळी गळतात. ऐकणाऱ्याचे काम दोनच प्रश्नांचे: ‘मग काय केलंस?’ आणि ‘त्यात तुझं काय होतं?’ शेवटी त्याने क्षमेचे वचन तुमचे नाव घेऊन मोठ्याने वाचावे. हे औपचारिक वाटेल, तरी वगळू नका. नंतरचे दोन दिवस जपा. काहींना हलके वाटते, काहींना काहीच वाटत नाही, काहींना दुसऱ्या दिवशी शरमेने घर सोडावेसे वाटते. तिन्ही नेहमीचे आहे. ती संध्याकाळ आणि दुसरी संध्याकाळ एकट्याने काढू नका, हे मात्र आधी ठरवून ठेवा. जीव द्यावा असा विचार आला तर तो ऐकणाऱ्याला त्याच क्षणी सांगा आणि डॉक्टरकडे जा. तो वहीचा विषय राहत नाही.

जोडीदाराला काय सांगायचे? रात्री अकरा वाजता, अचानक, सगळे, हे उत्तर नक्कीच नाही. त्यात स्वतःचे ओझे उतरते आणि ते दुसऱ्याच्या छातीवर ठेवले जाते. समुपदेशकाच्या मदतीने, ठरलेल्या दिवशी, तपशील किती हवा हे जोडीदाराला ठरवू देऊन सांगावे. दोन गोष्टींना मात्र उशीर नको: लैंगिक संबंधांतून आजार पोहोचला असण्याची शक्यता, आणि घरावर असलेले कर्ज.

काही जणांच्या बाबतीत सगळे उलटे असते. ते फार लिहितात. तीच गोष्ट पाच वेळा कबूल करतात, पुरेसे मनापासून झाले का म्हणून सहाव्यांदा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर संन्यासी असताना आपल्या गुरूकडे, योहान स्टाउपित्झ यांच्याकडे, तासन्‌तास कबुली देत बसे आणि बाहेर पडताच राहिलेले आठवून परत येई. असे होत असेल तर एक नियम पाळा: एकदा वाचून झालेली ओळ पुन्हा कबूल करायची नाही, तिच्यावर तारीख टाकून आडवी रेघ मारायची. रेघ मारल्यावरही चैन पडत नसेल, विचार दिवसभर फिरत राहत असेल, तर हा मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि आणखी झडतीने तो वाढतो.

भरपाईची यादी ही सहा रकान्यांतून निघते, वेगळी बसून करायची नसते. बायबलमधल्या गणना ५ मध्ये नियम आहे: पाप कबूल करावे, पूर्ण रक्कम परत करावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. म्हणजे शंभराचे एकशेवीस. तो वरचा हिस्सा मला फार शहाणपणाचा वाटतो. मुद्दल परत करताना आपण उपकार केल्यासारखे वागतो. वरचे वीस देताना ते जमत नाही. प्रत्येक नावापुढे तीन खुणांपैकी एक करा: आता, नंतर, थेट नको. तिसरी खूण अशांसाठी, ज्यांना तुमचे समोर येणेच नवी जखम करेल. ती खूण स्वतः ठरवू नका, ऐकणाऱ्याला विचारा, कारण ज्याला भेटायचे धाडस नाही त्याच्यापुढेही हात आपोआप तीच खूण करतो.

यानंतर रोजचे काम लहान आहे, रात्री पाच-सात मिनिटांचे. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस यांची घडण यासाठी अजूनही उत्तम: आधी आभार, मग प्रकाशासाठी प्रार्थना, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. आभार पहिले, हे बदलू नका. एका विशिष्ट दोषासाठी ते दिवसाला दोन रेघा आणि त्यांवर चुकेल तितके ठिपके सांगत, आणि आजचे ठिपके कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायला लावत. दोष एकच घ्या, उदाहरणार्थ खोटे बोलणे. दारूच्या आधी बहुधा तेच परत येते. आठवड्यातून एकदा हे कोणासमोर तरी मांडा. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये आपल्या लहान गटांना जे प्रश्न दर भेटीत विचारायला सांगितले त्यांत केलेल्या पापाबरोबरच हेही होते: कोणते मोह आले, आणि त्यांतून सुटका कशी झाली? दुसरा अर्धा विचारला की माणसाला कळते, कोणती वाट त्याच्या बाबतीत चालते.

वहीचे शेवटी काय करायचे, हे सुरू करण्यापूर्वीच ठरवा, म्हणजे लिहिताना हात मोकळा राहतो. वाचून झाल्यावर तीन पाने कापून ठेवा: घसरणीच्या साखळ्या, पैशाची बेरीज, भरपाईची नावे. बाकीची पाने ऐकणाऱ्याच्या देखत फाडून टाका. पुढे कधीतरी वाचू म्हणून जपलेली वही चुकीच्या दिवशी चुकीच्या हाती पडते, कधी कधी स्वतःच्याच. साखळ्यांचे पान पाकिटात मावेल एवढे घडी करून ठेवा, आणि नावांचे पान शेवटचे नाव खोडले जाईपर्यंत बायबलमध्ये.